मानवी हक्क आणि माणसाचा स्वभाव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आम्ही जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक प्राथमिक शिक्षक. अडतीस वर्षे खडू, फळा आणि पाटीच्या सहवासात गेली. विद्वत्ता आमच्यापाशी नाही आणि वक्तृत्व तर त्याहून नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, मुलांचा बक्षीस समारंभ झाला की सभागृह भरलेले असते. तेव्हा तुम्हांला जे सांगावेसे वाटते ते सांगा." सांगावेसे वाटते असे एक आमच्या मनात पुष्कळ वर्षे आहे. म्हणून उभे राहण्याचे धाडस केले आहे.

आपले संमेलन डिसेंबर महिन्यात भरते. याच महिन्याची दहा तारीख जगभर मानवी हक्क दिन म्हणून पाळली जाते. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. अठ्ठेचाळीस राष्ट्रांनी त्याच्या बाजूने मत दिले, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली आणि विरुद्ध एकही मत पडले नाही. भारत अनुकूल राष्ट्रांत होता. नुकतेच दुसरे महायुद्ध संपले होते. लक्षावधी निरपराध माणसे छळछावण्यांत मारली गेली होती, आणि ती मारणारे सर्वच काही राक्षस नव्हते. त्यांत कारकून होते, आगगाडीचे वेळापत्रक आखणारे होते, डॉक्टर होते, आणि सांगण्यास खेद वाटतो, शिक्षकही होते. तेव्हा जाहीरनामा लिहावयास बसलेल्या मंडळींपुढे पहिला प्रश्न कायद्याचा नव्हताच. माणूस हा मुळात कसा आहे, हा तो प्रश्न होता.

त्या चर्चेतील दोन गोष्टी आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली आपल्या देशाच्या प्रतिनिधी श्रीमती हंसाबेन मेहता यांची. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्या शब्दात स्त्रिया येतातच, असे इतरांचे म्हणणे. हंसाबेनांनी मात्र आग्रह धरला, आणि आज त्या कलमात 'सर्व मानव' असे शब्द आहेत. दुसरी गोष्ट चीनचे प्रतिनिधी चांग यांची. माणसाला बुद्धी आहे, एवढेच मसुद्यात लिहिले होते. चांग म्हणाले की एवढ्याने भागणार नाही. त्यांच्या भाषेत 'रेन' असा एक शब्द आहे. तो लिहिताना माणसाच्या चिन्हाशेजारी दोन हा आकडा काढतात. आपल्याखेरीज दुसराही एक माणूस आहे याची जाणीव, असा त्याचा भाव. या सूचनेतूनच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात बुद्धीच्या जोडीला सदसद्विवेक आला.

आम्ही वर्गात मुलांना हे कलम सांगत असू, तेव्हा एका चुणचुणीत मुलाने विचारले होते, "गुरुजी, सगळ्यांना सदसद्विवेक आहे, तर मग हे लिहावे का लागले?" त्या दिवशी आम्ही त्याला काहीतरी सांगून खाली बसविले. त्याचे खरे उत्तर आम्हांस पुस्तकांत मिळाले नाही. ते एका गावात मिळाले, आणि त्या उत्तरात आमची स्वतःचीच लाज गुंतलेली आहे.

सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वीची हकिकत. आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे आपल्या ज्ञातीची पंचवीस-तीस घरे होती. त्यांतील एका घरच्या थोरल्या मुलाने मुंबईस परज्ञातीतील मुलीशी विवाह केला. बापाने मुलाला तोडले नाही. तो सुनेला घेऊन आला तेव्हा त्याला घरात घेतले, पान वाढले. एवढाच अपराध. देवळात सभा भरली. दंड मागितला गेला. बाप नम्रपणे म्हणाला, "मुलाला जेवू घातल्याचा दंड मी भरणार नाही." झाले. त्या घराशी कोणी व्यवहार ठेवू नये असे ठरले.

त्यानंतर काय घडले? म्हटले तर काहीच घडले नाही. कोणी हात उगारला नाही, कोणी शिवी दिली नाही. गिरणीत त्यांचे दळण सर्वांत शेवटी राहू लागले. लग्नाच्या अक्षता त्यांच्या दारी येईनाशा झाल्या. पाणवठ्यावर ती बाई आली की बाकीच्या बायकांचे बोलणे थांबे. त्या घरचा धाकटा मुलगा आमच्या चौथीच्या वर्गात होता. तट्ट्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी राहू लागली. मुलांना हे कोणी शिकविले? आम्ही तर शिकविले नव्हते. परंतु मोकळी पडलेली ती जागा आम्हांस रोज दिसत होती. "अरे, जरा सरकून बसा," एवढे म्हणण्यास किती शब्द लागतात? तेवढेही आम्ही बोललो नाही. कारण आमची खोली एका पंचाच्या घरी होती आणि दोन्ही वेळचे जेवणही तेथेच होते.

आषाढात त्या मुलाची आजी वारली. बाहेर पाऊस कोसळत होता. तिरडी बांधून तयार झाली, पण खांदा द्यायला घरातील दोनच पुरुष. बाकीचे सारे आपापल्या ओटीवर उभे. आम्हीही आमच्या खोलीच्या खिडकीत उभे होतो. अर्धा घटका असाच गेला असेल. मग आपल्याच ज्ञातीतील एक वृद्ध गृहस्थ डोक्यावर इरले घेऊन चिखल तुडवीत आले. हे गृहस्थ बोलताना अडखळत. सभेत त्यांना कोणी काही विचारीत नसे. ते कोणाशीही काही बोलले नाहीत. इरले बाजूला ठेवले आणि तिरडीच्या एका टोकाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागून दोन तरुण ओटी उतरले. मग आणखी एक. प्रेत ओढ्यापाशी पोहोचेपर्यंत बरोबर अकरा माणसे झाली होती. आम्ही ती खिडकीतून मोजली. त्या अकरांत आम्ही नव्हतो.

पुढे काय झाले ते ऐका. त्या अकरा जणांना दंड झाला नाही. एकास करता आला असता, अकरांस कोण करणार? बहिष्कार उठविल्याचा ठरावही कधी झाला नाही. तो आपोआप विरून गेला. श्रावणात त्या मुलाशेजारी दुसरा मुलगा बसू लागला.

बऱ्याच वर्षांनी, ज्यांच्या घरी आमची खोली होती ते पंच भेटले. आता अगदी थकले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "गुरुजी, त्या सभेत तुम्ही काही बोलाल म्हणून मी वाट पाहत होतो. तुम्ही शिकलेले. तुम्ही नको म्हणाला असता, तर मलाही नको म्हणता आले असते." आम्ही त्यांच्या भयाने गप्प, आणि ते आमच्या तोंडाकडे पाहत गप्प! त्या देवळात बसलेल्या माणसांपैकी कितीजण याच प्रकारे एकमेकांची वाट पाहत होते, हे आता कोणास ठाऊक?

बंधुभगिनींनो, त्या चुणचुणीत मुलास द्यावयाचे उत्तर हे होते. सदसद्विवेक प्रत्येकापाशी आहे हे खरे. परंतु तो एकटा असताना भित्रा असतो. दुष्ट माणसे जगात आहेत, पण थोडी आहेत. बहुतेक अन्याय हा आपण एकटे पडू या भयाने सज्जनांच्या हातून होतो. आणि तो होताना कोणालाच आपण अन्याय करीत आहोत असे वाटत नाही, कारण प्रत्येकाच्या वाट्याला त्यातले अगदी थोडे येते. कोणी फक्त बोलत नाही, कोणी फक्त अक्षता देत नाही, कोणी फक्त खिडकीत उभा राहतो.

आता कोणी म्हणेल, मास्तरांनी एका खेड्यातील गोष्ट सांगितली. तीवरून मनुष्यस्वभावाचा सिद्धांत कसा काढावा? म्हणून सर्वांस ठाऊक असलेले एक उदाहरण घेऊ. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ च्या मार्च महिन्यात पुण्यास गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. अण्णासाहेबांचे गाव मुरूड, रत्नागिरी जिल्ह्यातील. त्या गावासाठी त्यांनी 'मुरूड फंड' उभारला होता, गावाच्या भल्यासाठी पैसा जमविला होता. त्या गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. एवढेच नव्हे, ते घरी आले तर घरच्या माणसांनाही वाळीत टाकण्यात येईल असे ठरविले. म्हातारी आई घरात, आणि मुलाने उंबरठा ओलांडला तर शिक्षा आईला! मुरूडचे लोक काय दुष्ट होते? मुळीच नाही. ती आपल्यासारखीच देवभोळी, कष्टाळू, लेकराबाळांवर माया करणारी माणसे होती. आज त्याच मुरूडला अण्णासाहेबांच्या नावाचा अभिमान आहे.

अण्णासाहेबांच्या चरित्रातील पुढचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. ज्याचा अपमान झाला तो पुष्कळदा कडवट होतो, आणि संधी मिळताच दुसऱ्याचा अपमान करतो. सासुरवास सोसलेली सासू आपण पाहतोच. अण्णासाहेबांचे तसे झाले नाही. त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. पुढे ज्या हंसाबेन मेहतांचा आम्ही उल्लेख केला, त्या याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. आणि १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, अण्णासाहेबांनी समता संघ काढला. विधवांचे दुःख पाहून ज्याने आरंभ केला, तो शेवटी माणसामाणसांतील सर्व भेदांपर्यंत येऊन पोहोचला. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. मनुष्यस्वभावाची ही दुसरी बाजू आहे, आणि तीही तितकीच खरी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्ञातीने आपल्याच माणसास वाळीत टाकणे हा बहिष्काराचा एक प्रकार झाला. दुसरा याहून क्रूर होता. अस्पृश्य मानलेल्या बांधवांनी सार्वजनिक विहिरीचा किंवा रस्त्याचा हक्क बजावला की सारा गाव एक होई. मजुरी बंद, वाण्याकडील धान्य बंद, गुरे चारणे बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे शस्त्र बरोबर ओळखले होते. १९३०-३१ च्या पहिल्या गोलमेज परिषदेपुढे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे निवेदन सादर केले, त्यात सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, आणि तिचा मसुदा ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे केला होता. मारहाण दिसते, तिची फिर्याद करता येते. परंतु 'आम्ही याच्याशी बोलत नाही' याची फिर्याद कोणाकडे करणार? म्हणून कायदा हवा, हे त्यांचे म्हणणे. अशा गावांत आपल्या ज्ञातीची घरेही होती. ती कोणत्या बाजूला उभी होती, हे आपण आपल्या वाडवडिलांविषयीचा आदर न सोडताही स्वतःस विचारले पाहिजे.

कायद्याची वाटचाल संथ झाली. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृतीस बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले, आणि जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरविला. धर्मसंप्रदायास आपला धार्मिक कारभार चालविण्याचा हक्क आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत मात्र वेगळे पडले. त्यांच्या मते कायदा योग्य होता. समूहाचा हक्क मोठा की त्यातील एकट्या माणसाचा, हा तो पेच. तो सोपा नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न पुन्हा मोठ्या पीठाकडे विचारार्थ सोपविला, यावरूनच त्याचे गांभीर्य ध्यानी येईल.

दरम्यान महाराष्ट्रात दुसरे एक काम उभे राहिले. २०१३ साली नाशिककडे घडलेल्या एका दुःखद घटनेनंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. तरीही काम थांबले नाही. वाळीत टाकलेली कुटुंबे, दंड भरून कंगाल झालेली माणसे एकामागून एक पुढे येऊन बोलू लागली. पूर्वी यांतील प्रत्येकास वाटत असे की हे दुर्दैव आपल्या एकट्याचेच. आणि आश्चर्य असे की, कार्यकर्त्यांनी पंचांशी भांडण न करता संवाद केला, तेव्हा काही पंचायतींनी आपण होऊन आपला न्यायनिवाडा बंद केल्याचे जाहीर केले. त्या पंचांनाही कोणीतरी येऊन 'पुरे झाले' म्हणण्याची वाट पाहावी लागली असेल काय? आम्हांस आमच्या जुन्या घरमालकांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

१३ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. बाबासाहेबांच्या मागणीनंतर सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी तो झाला.

कायद्याने माणसाचे मन बदलते काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आमचे उत्तर असे आहे. दुष्टास धाक घालणे हे कायद्याचे एक काम झाले. परंतु त्याचे मोठे काम भित्र्या सज्जनास आधार देण्याचे आहे. ज्याला मनातून नको म्हणावयाचे असते पण धीर होत नाही, त्याला आता सभेत उठून म्हणता येते, "बाबांनो, हे बेकायदा आहे, मला यात घेऊ नका." त्या पावसाळी दिवशी आमच्याजवळ हे एक वाक्य असते, तर कदाचित आम्ही खिडकीतून खाली उतरलो असतो. कदाचित म्हणतो, कारण त्या अडखळत बोलणाऱ्या वृद्धाजवळ कोणताच कायदा नव्हता, आणि तरी तो आला होता.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरातला आहे. आपले मंडळ म्हणजे जातपंचायत नव्हे. आपण कोणास दंड करीत नाही. आपण विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देतो, वधूवर मेळावा भरवितो, आजारी माणसास मदत करतो. या मंडळाच्या वसतिगृहात राहून आमच्या कनिष्ठ बंधूंचे शिक्षण झाले, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. आपल्या माणसांची ओढ ही वाईट गोष्ट नव्हे. थंडीत शेकोटीभोवती बसलेल्यांस ऊब मिळतेच. फक्त कोणाची पाठ अंधारात राहिली आहे, हेही मधून मधून वळून पाहावे लागते.

आपण दर काही वर्षांनी कुटुंबसूची प्रसिद्ध करतो. तीत मुलगी परज्ञातीत दिली असेल तर तिचे नाव येत नाही. जावई, नातवंडे तर नाहीतच. मुलाने परज्ञातीतील मुलगी केली असेल, तर तिच्या माहेरची जागा कोरी राहते. असा नियम कोणी केला, असे आम्ही जुन्या पदाधिकाऱ्यांस विचारले. कोणीच केलेला नाही. ठराव नाही, नोंद नाही. पूर्वीपासून तसे चालत आले, एवढेच. त्या सूचीतील ती कोरी जागा पाहिली की आम्हांस चौथीच्या वर्गातील तट्ट्यावरची हातभर मोकळी जागा आठवते. तीही कोणी ठरवून केलेली नव्हती.

आमच्या सख्ख्या पुतणीचे नाव मागील सूचीत नाही. ती आज येथे आलेलीही नाही. तिला बोलाविले होते, "काका, तिथे माझे काय काम?" असे ती म्हणाली. आम्हांस उत्तर सुचले नाही.

म्हणून आमची मंडळास हात जोडून विनंती आहे की, पुढील सूचीत आपल्या प्रत्येक लेकीचे नाव यावे, तिने कोठेही घर केलेले असो. आणि प्रत्येक सुनेचे माहेर लिहिले जावे, ते कोणत्याही ज्ञातीचे असो. यास पैसा लागत नाही, चार पाने अधिक लागतील. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्याविषयी आमच्या मनात राग नाही. त्यांनी कार्यकारिणीत उघडपणे विरोध करावा, आम्ही ऐकून घेऊ. परंतु ज्यांना मनातून मान्य आहे, त्यांनी मात्र दुसरा कोणी बोलेल म्हणून थांबू नये. आम्ही एकदा थांबलो होतो. त्याला पंचेचाळीस वर्षे झाली, आणि अजून आषाढातील पाऊस आम्हांस सुखाने ऐकता येत नाही.

आज बक्षिसे मिळालेल्या मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांनी गुण मिळविले, ते आणखी मिळवोत. वर्गात एखाद्याच्या शेजारची जागा रिकामी दिसली तर तेथे जाऊन बसावे, एवढेच एका जुन्या मास्तराचे त्यांना सांगणे आहे.